केसाच्या जाडीत सत्तावीस हजार ट्रान्झिस्टर?

नवे फोन बाजारात आले की एक फॉरवर्ड हमखास फिरू लागतो: ‘३ नॅनोमीटर चिपमधला प्रत्येक ट्रान्झिस्टर फक्त ३ नॅनोमीटरचा! केसाच्या जाडीत असे २७ हजार मावतात. आता तर १८ए आली, म्हणजे ट्रान्झिस्टर १८ अणूंचा!’

भागाकार चुकलेला नाही. केस ८०,००० नॅनोमीटर जाड धरला, तीनने भागलं, की उत्तर तेवढंच येतं. घोळ आहे तो त्या तीनमध्ये. ‘३ नॅनोमीटर’ हे चिप बनवण्याच्या तंत्राच्या पिढीचं नाव आहे. १९९०च्या दशकापर्यंत असं नाव आणि गेटची (ट्रान्झिस्टर हा इवलासा स्विच चालू-बंद करणाऱ्या भागाची) लांबी बऱ्यापैकी जुळायची, पुढे फारकत झाली. या पिढीत एका गेटपासून शेजारच्या गेटपर्यंतचं अंतर ४५ ते ५० नॅनोमीटरच्या घरात असतं. त्या हिशेबाने केसात सोळा-सतराशे बसतील. हेही काय थोडे झाले?

पटत नसेल तर क्षेत्रफळाने ताडून पाहा. इथे भलेभले घसरतात. १ मिलिमीटर म्हणजे १० लाख नॅनोमीटर. पण १ चौरस मिलिमीटर म्हणजे १० लाख गुणिले १० लाख, एक लाख कोटी चौरस नॅनोमीटर. ट्रान्झिस्टर खरंच ३ बाय ३चा असता, तर एवढ्याशा जागेत ११ हजार कोटी मावले असते. ॲपलने २०२३ साली ए१७ प्रो ही आयफोनची ३ नॅनोमीटर चिप आणली, तेव्हा आकडा सांगितला १,९०० कोटी, तोही अख्ख्या चिपचा! चिप साधारण १०० चौरस मिलिमीटरची धरा: एकेकाच्या वाट्याला पाच हजारांवर चौरस नॅनोमीटर येतात, म्हणजे सत्तरहून जास्त नॅनोमीटर बाजूचा चौरस. (मधली मोकळी जागा वगैरे यातच आली.)

राहिली १८ए. यातला ‘ए’ म्हणजे अँगस्ट्रॉम. १० अँगस्ट्रॉम म्हणजे १ नॅनोमीटर, तेव्हा १८ अँगस्ट्रॉम म्हणजे १.८ नॅनोमीटर. सिलिकॉनच्या लगतच्या दोन अणूंमध्ये सुमारे २.३५ अँगस्ट्रॉम अंतर असतं. अठरा अणू सरळ रांगेत तेवढ्यात मावायचेच नाहीत, जेमतेम सात-आठ येतील. शिवाय हेही नावच, इंटेलने ठेवलेलं. याच इंटेलने २०२१ साली आपल्या १० नॅनोमीटर तंत्राच्या सुधारित आवृत्तीचं नव्याने बारसं करून ‘इंटेल ७’ नाव ठेवलं आणि ‘नॅनोमीटर’ गाळूनच टाकलं.