पाचशे किलोंचा ट्रेलर आणि कसारा घाट

दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की आमच्या नाशिकमधल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचा मतलब असा: चार माणसांचा हलका कॅम्पिंग ट्रेलर पाचशे किलोंत बसतो, तो कोणत्याही गाडीमागे लागतो, इंजिन नसल्यामुळे त्याचे पासिंग करावे लागत नाही, जड सामान मागच्या बाजूला भरले की हुकावर भार येत नाही, डुलायला लागला तर ॲक्सिलरेटर दाबायचा, आणि साडेसातशे किलोंपर्यंत ट्रेलरला ब्रेक लागत नाहीत. मी बायको-मुलांना घेऊन असा ट्रेलर भंडारदऱ्याला, वैतरणेला, सापुताऱ्याला नेतो. हा छंद नाशिकमध्ये वाढावा असे मला मनापासून वाटते. म्हणूनच हा मेसेज पुढे पाठवू नका अशी विनंती आहे. त्यातली दोन वाक्ये तर जिवावर बेतणारी आहेत.

पाचशे किलो हा रिकाम्या ट्रेलरचा आकडा आहे. पाण्याची साठ लिटरची टाकी भरली की साठ किलो वाढले. दिवे-पंख्यासाठी इन्व्हर्टरची बॅटरी घेतली की पन्नास-पंचावन्न. घरचा भरलेला सिलिंडर तीस किलोंच्या आसपास. तंबूचे छत आणि खांब तीस, गाद्या-भांडी-खुर्च्या-शिधा मिळून आणखी पंचाहत्तर. बेरीज साडेसातशेच्या घरात जाते. खरे वजन हवे असेल तर भरलेला ट्रेलर अंबडच्या किंवा पिंपळगावच्या वजनकाट्यावर एकदा सोडून बघा. कांद्याचे ट्रॅक्टर जिथे उभे राहतात तिथेच. फार पैसे लागत नाहीत.

आता ‘कोणतीही गाडी’. इंजिन ओढेल, त्याबद्दल वाद नाही. पण ट्रेलरची दांडी हुकावर जे वजन टाकते ते गाडीच्या मागच्या चाकांच्याही मागे पडते, म्हणजे तरफ तयार होते. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आणि हुक मागच्या चाकापासून १.१ मीटर मागे धरा. हुकावर ७५ किलो आले तर मागच्या चाकांवर १०८ किलो पडतात आणि पुढची चाके ३३ किलोंनी हलकी होतात. छोट्या गाड्यांत बहुतेक वेळा पुढचीच चाके गाडी ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा मोठा वाटाही उचलतात. त्यात डिकी भरलेली आणि मागे तीन माणसे बसलेली. म्हणून आधी गाडीचे मॅन्युअल उघडा. आपल्याकडच्या अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढण्याचा आकडाच नसतो. तो नसेल तर त्या गाडीमागे ट्रेलर लावू नका. बंपरला वेल्डिंग करून बसवलेला हुकही नको. हुकाचा आधार चासीला असला पाहिजे. आणि बंद पडलेली गाडी ओढायला कंपनी जी कडी देते, ती ट्रेलरसाठी नसते.

पासिंगचा मुद्दा दोन ओळींत संपतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) मध्ये ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलर आहे, त्यामुळे कलम ३९ ची नोंदणी आणि कलम १४६ चा विमा त्यालाही लागू होतो. विकणाऱ्याकडे नोंदणीचे कागद पैसे देण्याआधी मागा.

जड सामान मागे ठेवण्याचा सल्ला मात्र मला सर्वांत जास्त छळतो, कारण पहिल्या वर्षी मी तेच केले होते. पाण्याचे कॅन आणि बर्फाचा डबा मागच्या दाराशी, काढायला सोपे म्हणून. भंडारदऱ्याहून परतताना घोटी सोडून महामार्गाला लागलो. वाडीवऱ्ह्याच्या अलीकडे एक कंटेनर बाजूने गेला, त्याच्या वाऱ्याने ट्रेलर किंचित हलला आणि मग थांबेचना. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. मागच्या सीटवर मुले होती. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवले, गाडी आपोआप मंदावली आणि झोके विरले. ते काही सेकंद मी अजून विसरलेलो नाही.

घरी आल्यावर निफाडच्या सासऱ्यांनी ट्रेलरकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, गाडी उलाळ झालीय तुमची. ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना हे सांगावे लागत नाही. ओझे आखाच्या मागे गेले की जू वर उचलले जाते, बैलाच्या गळ्याला पट्टा आवळतो. ट्रेलरचेही तसेच. हुकावर पुरेसा भार नसला की ट्रेलर आखाभोवती डोलतो, आणि वेग वाढेल तसे ते डोलणे आवरेनासे होते. अमेरिकेत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर ठेवायला सांगतात, युरोपात ५ ते ७ टक्के. पण हुक हलका ठेवा असे कुठेच सांगत नाहीत. अर्थात हा भार हुकाच्या आणि गाडीच्या मर्यादेतही बसला पाहिजे. मोजायला घरातला माणसांचा वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जागी उभा करा, चाकांना दगड लावा, आणि दांडीचे टोक हुकाच्या उंचीला राहील असा लाकडी ठोकळा मधे घालून काट्यावर टेकवा. आकडा कमी आला तर जड वस्तू आखाजवळ, किंचित पुढे सरकवा.

यावरून पुढचे वाक्यही निकालात निघते. डुलणाऱ्या ट्रेलरला वेग देणे म्हणजे झोका वाढवणे. जोरात ब्रेक मारला तरी ट्रेलर मागून ढकलतो आणि गाडी आडवी होते.

राहिला ब्रेकचा आकडा. ७५० किलो हा युरोपातला नियम आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याने तो अर्धाच उचलला आहे. ब्रिटनमध्ये बिनब्रेकच्या ट्रेलरची मर्यादा ७५० किलो किंवा रिकाम्या गाडीच्या वजनाच्या निम्मे, यांतले जे कमी असेल ते. नऊशे किलोंच्या छोट्या गाडीला साडेचारशेच. म्हणजे मेसेजमधला ट्रेलर रिकामा असतानाच तिथे बाद ठरतो.

आणि आपल्याकडे कसारा घाट आहे. इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना उंची सुमारे तीनशे मीटरने कमी होते. रेल्वेचा चढ तिथे ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की एक मीटर वर, असून गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. साडेसातशे किलोंचा ट्रेलर तेवढा खाली आणताना सात लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता जादा निर्माण होते. थोडी वारा आणि इंजिन घेतात, उरलेली ब्रेकवर येते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर ती सगळी गाडीच्या डिस्कवर. म्हणून रिकामे वजन पाचशेऐवजी साडेपाचशे असले तरी ब्रेकवालाच घ्या. यातला साधा प्रकार असा असतो की गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो, दांडी आत सरकते आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात.

आम्ही इगतपुरीत थांबून साखळी, पिन आणि दिवे बघतो. ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरतो, न्यूट्रल कधीच नाही. ट्रेलरमध्ये कोणीही बसत नाही, झोपलेले मूलसुद्धा नाही. कसाऱ्यात चहाला थांबलो की ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या हबजवळ हात नेऊन ऊब बघतो. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट गरम लागली तर तिथला ब्रेक अडकतो आहे किंवा बेअरिंग जायला आले आहे, आणि जॅक लावून ते चाक फिरवून पाहिल्याशिवाय आम्ही पुढे निघत नाही.