उसाचा फड आणि चार खाती: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. कृषी खात्यात हयात घालवलेला माणूस तळमळून लिहितो तेव्हा त्याला दोन ओळींत वाटेला लावणं बरं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. संघराज्य असलेले देश हवामान धोरण कसं राबवतात या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन आहेत. जर्मनी-कॅनडाशी अंबाजोगाईची तुलना कशी करता? मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्यांना कार्बनचं काय? आणि केंद्र, राज्य, झेडपी असे वाटे पडले की कामं रखडतात, त्यापेक्षा दिल्लीनं एकच हुकूम का काढू नये?

पहिल्यावर फार लिहीत नाही. पैशाची तुलना मी केलेलीच नाही. निर्णय कुणी घ्यायचा आणि तो फसला तर जाब कुणाला विचारायचा, हे बघत होतो. तो प्रश्न जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यालाही आहे आणि बीडलाही. आणि जालन्याजवळच्या कडवंचीचं पाणलोटाचं काम इंडो-जर्मन कार्यक्रमातून उभं राहिलं, हे तुम्ही जवळून पाहिलं असेल.

उरलेले दोन आक्षेप मला एकाच शिवारात भेटतात. माजलगाव पट्ट्यातला उसाचा कुठलाही फड घ्या. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, केंद्र ठरवतं, आणि ऊस गेल्यावर चौदा दिवसांत ती देणं कारखान्यावर कायद्यानं बंधनकारक आहे. पैसे थकतात हे खरं, पण निदान कायदा आहे. सोयाबीनचा हमीभाव नुसता जाहीर होतो, खरेदी केंद्राची वाट बघून थकलेला माणूस शेवटी आडतीवर माल घालून मोकळा होतो. उसापासूनही बनणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळायचं धोरणही केंद्राचं. हवामानाच्या हिशेबात ते जमेच्या बाजूला धरतात. पाणी हा राज्याचा विषय. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं वीजबिल २०२४ पासून राज्य भरतं. ठिबकचं अनुदान दोघं मिळून देतात. २००९ च्या भूजल कायद्यानं ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं घातली, आणि बोअरच्या गाड्या त्याच्या कितीतरी खाली जातात. नव्या कारखान्यासाठी शेजारच्या कारखान्यापासून २५ किलोमीटर हवाई अंतर लागतं. त्या भागात जमिनीखाली पाणी किती उरलंय, यावर परवाना अडत नाही.

आता सांगा, यात हुकमांची कमतरता कुठं आहे? दिल्लीचेच दोन भक्कम हुकूम त्या फडात उभे आहेत. एका खात्याचं इथेनॉलचं उद्दिष्ट पुरं होतं आणि त्याच गावाचा टँकर दुसऱ्या खात्याच्या खर्चात पडतो. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा ही सगळी खाती आपापल्या नियमानंच चालली होती. कार्बन आणि टँकर हे दोन वेगळे विषय नाहीत सर, मराठवाड्यात तर मुळीच नाहीत.

म्हणून मी जर्मनीकडे बघतो. २०१९ च्या त्यांच्या कायद्यात ऊर्जा, उद्योग, वाहतूक, इमारती, शेती अशी प्रत्येक क्षेत्राच्या कार्बन उत्सर्जनाची वर्षाची मर्यादा आकड्यात लिहिली होती. ती ओलांडली की त्या खात्याच्या मंत्रालयानं तीन महिन्यांत उपाय मांडायचे आणि स्वतंत्र तज्ज्ञ मंडळानं ते तपासायचे. वाहतूक खातं मर्यादा पाळू शकलं नाही, आणि २०२२ मध्ये त्यानं दिलेला आराखडा इतका तोकडा होता की मंडळानं तो तपासायच्याही लायकीचा धरला नाही. हे जाहीरपणे झालं, खात्याचं नाव घेऊन झालं. पुढे २०२४ मध्ये सरकारनं खातेनिहाय सक्ती सैल केली आणि सगळ्यांची एकत्र बेरीज बघायचं ठरवलं. माझ्या मते ही माघारच होती, कारण बेरजेत कुणा एकाला धरता येत नाही.

राज्यांच्या बाबतीत मात्र त्यांची एक गोष्ट मला फार पटते. बव्हेरियानं पवनचक्की आणि वस्ती यांत चक्कीच्या उंचीच्या दहापट अंतर ठेवायचा नियम केला होता, त्यामुळं तिथं नव्या पवनचक्क्या जवळपास थांबल्या. नंतर केंद्रानं कायदा केला: २०३२ पर्यंत देशाची २ टक्के जमीन पवनऊर्जेसाठी, प्रत्येक राज्याचा वाटा ठरलेला. कुठली जमीन द्यायची हे राज्यानं ठरवायचं, पण वाटा पुरा केला नाही तर अंतराचा नियम लागू राहणार नाही. अधिकार राज्याकडं राहिला आणि चुकलं तर काय होईल तेही कायद्यात आलं.

एकाच हुकमाचं काय होतं ते कॅनडात दिसतं. २०१८ च्या कायद्यानं केंद्रानं कार्बनवर, म्हणजे इंधन जाळून होणाऱ्या उत्सर्जनावर, दर लावला. प्रांत कोर्टात गेले, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राच्या बाजूनं निकाल दिला. तरी २०२३ मध्ये घरं तापवायच्या तेलाला सूट मिळाली. त्याचा फायदा मुख्यतः अटलांटिककडच्या प्रांतांना झाला, आणि बाकीच्यांचा विश्वास उडाला. सस्कॅचवान प्रांतानं नैसर्गिक वायूवरची या दराची वसुली थांबवली. १ एप्रिल २०२५ पासून सामान्य ग्राहकांवरचा दर शून्य झाला. कोर्टात जिंकलेला हुकूम लोकांत हरला.

आपल्याकडं २०१९ मध्ये विभागीय आयुक्तालयातून मराठवाड्यात ऊसबंदीची शिफारस गेली होती. मला ती पटत नाही, आणि कारण कॅनडाचंच आहे. भावाची कायद्यानं हमी असलेलं एकमेव पीक काढून घ्यायचं आणि बदल्यात तूर-हरभऱ्याच्या खरेदीची हमी द्यायची नाही, हा उघड अन्याय आहे.

मग काय करायचं, असं तुम्ही शेवटी विचारलंय. घटनेच्या २४३झेडडी कलमानं जिल्हा नियोजन समिती दिली आहे. पोकरा या राज्याच्या हवामान-अनुकूल शेतीच्या प्रकल्पात सुमारे ५ हजार गावांत पाण्याचा ताळेबंद, म्हणजे गावात पाणी किती येतं आणि किती लागतं याचा हिशेब, मांडायची पद्धत आली, त्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे होते. हे ताळेबंद जिल्हा समितीपुढं ठेवावेत, आणि तूट असलेल्या पाणलोटात कारखान्याचा नवा ऊस गाळप परवाना, कृषिपंपाची नवी जोडणी, ठिबकचं अनुदान आणि डाळी-तेलबियांची खरेदी केंद्रं यांचा निर्णय त्या ताळेबंदावर एकत्र व्हावा. ज्या खात्याचा निर्णय त्याच्या विरुद्ध जाईल, त्यानं लेखी कारण द्यावं. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही.

तुमच्या ओळखीत कुणाकडं जिल्हा समितीच्या बैठकांची इतिवृत्तं असतील तर जरूर पाठवा. गावांचे ताळेबंद तिथं कधी चर्चेला आले का, हे मला पुढच्या लेखाआधी तपासायचं आहे.