खिडकीतली कुंभारीण

आज सकाळी रंगवाल्या पोराने माझ्या खिडकीच्या कोपऱ्यातलं कुंभारीण माशीचं मातीचं घर पत्र्याने खरवडून टाकलं. मी चहाचा कप घेऊन धावले तर म्हणतो, "मॅडम, कचरा होता, साफ केला."

त्या पोराचं काही चुकलं नाही. त्याला भिंत कोरी करायला सांगितलंय, त्याने केली. डोकं फिरलं ते नंतर, फोन उघडल्यावर. ज्यांनी रंगकाम काढलंय त्यांच्यातल्याच एका ताईंनी ग्रुपवर टाकलेलं: 'तुमचा स्पिरिट ॲनिमल कोणता? फुलपाखरू दिसलं तर समजा, विश्व तुम्हाला संदेश देतंय.' खाली बदामांची रांग.

अहो, संदेश घेऊन आलेली खिडकीत बसली होती ना! तिच्यावर तुम्ही पुट्टी मारलीत.

पंधरा दिवस बघत होते मी तिला. एसीच्या नळीखालच्या ओल्या मातीतून मटाराएवढी गोळी तोंडात धरून यायची, गुणगुणत थापायची, परत जायची. एकटी. ना पोळं, ना गोतावळा. डसते म्हणे. डसत असेल, पकडायला गेलात तर.

तुम्हाला मी काय सांगणार, पण भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. समुद्र, अजगर, पिंगला वेश्या, दिव्यावर झेपावणारा पतंग, आणि यादीत अगदी शेवटी ही आपली कुंभारीण. ती अळीला मातीच्या घरात कोंडते, आणि भीतीने का होईना, अळी तिचंच चिंतन करत करत एक दिवस कुंभारीण होऊन बाहेर पडते. संत एकनाथांनी हे मराठीत आणलं, काशीत बसून १५७३ साली ग्रंथ पुरा केला. आणि आपण संदेशासाठी रील बघायची!

हो, माहितीये, कमेंटमध्ये शिकवायला येऊ नका. अळीची कुंभारीण होत नाही. नांगी मारून लुळी केलेली अळी म्हणजे पिल्लाचा शिधा, अंडं आतच असतं. दृष्टांत चुकला. चुकू दे.

आमच्या गावच्या घरी देवळीच्या वर ती दर वर्षी यायची. आजी दिवाळीची जळमटं काढतानासुद्धा तेवढा कोपरा सोडायची. गालगुंड झालं की रिकामं घर पाण्यात कालवून त्याचा लेप. आणि कुंभारणीने घर बांधलं की घरात पाळणा हलतो, हे तर ठरलेलंच.

काकूच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. पाळणा नव्हता. देवळीवर नवं घर दिसलं की आजी तोंडाने काही बोलायची नाही, फक्त काकूकडे बघायची. 'शुभ संकेत' लिहायला काय जातं हो? ज्याच्या नावाने संकेत येतो आणि दर वर्षी खोटा ठरतो, त्याने कुठे बघायचं?

म्हणजे बघा, सकाळपासून मी ज्या श्रद्धेसाठी भांडतेय, तिनेच माझ्या काकूला छळलंय. लिहिता लिहिताच लक्षात आलं हे.

एका दुपारी काकूने उलथण्याने ते घर पाडलं. मी आठ वर्षांची, शेजारीच उभी. माती लाडवासारखी फुटली आणि आतून सहा-सात हिरव्या अळ्या पडल्या. निपचित. काकूने एकीला काडी लावली, तर तिने जरासं अंग आखडलं. काकू तिथेच मटकन बसली. आजी आली. मला वाटलं, आता काही खरं नाही. आजीने केरसुणी आणली, माती सुपलीत भरली आणि म्हणाली, "बांधेल ती परत. तू चहा ठेव."

चार दिवसांत तिने खरंच परत बांधलं. काकूचा पाळणा काही हलला नाही.

आज खिडकीखालची माती मी वर्तमानपत्रावर गोळा केली आणि काकूला फोन लावला. आता सत्तरीची आहे ती. कुंभारणीचं घर पाडलं गं, म्हटलं.

"अळ्या होत्या आत?"

"हो."

"हिरव्या?"

"हो गं."

थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "जिवंत असतात हां त्या. लगेच झाडू नकोस." आणि गॅसचा नंबर लावलाय तो अजून आला नाही, हे सांगत बसली.