सेखोंनी सहा सेबर पाडली नव्हती

ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखोंनी एकट्याने मिग-21 मधून पाकिस्तानची सहा सेबर विमानं पाडली म्हणे. अहो, सहा हा आकडा हल्ल्याला आलेल्या विमानांचा आहे! 14 डिसेंबर 1971 ला सहा सेबर श्रीनगर एअरफिल्डवर तुटून पडली, रनवेवर बॉम्ब पडत होते आणि तशातच सेखोंनी टेकऑफ घेतला आणि लगेच दोन सेबरशी भिडले. त्यांच्या परमवीर चक्राच्या अधिकृत प्रशस्तीपत्रात एका विमानावर अचूक मारा केला आणि दुसरं पेटवलं एवढंच लिहिलंय, सहा कुठेच नाही. आणि विमान मिग नव्हतं हो, नॅट होतं, 18 स्क्वाड्रनचं, तेही एवढंसं. सोबतच्या दुसऱ्या नॅटचे वैमानिक घुमान आधी उडाले होते पण त्या गडबडीत दोघांची ताटातूट झाली, म्हणजे हा पठ्ठ्या तिथे एकटाच, तेही झाडाच्या शेंड्याएवढ्या उंचीवर! शेवटी नॅट पडलं, सेखों गेले.

हवाई दलातले ते एकमेव परमवीर चक्र विजेते, हे मात्र फॉरवर्डमध्ये बरोबर आहे. बाकीचं डिलीट मारा.