दुःख नेमकं कुठे दाबावं?

दुखवट्याला रिकाम्या हातानं जाऊ नये. पूर्वी लोक पिठलं-भाताचा डबा न्यायचे, आता ॲक्युप्रेशरची लाकडी जिमी, म्हणजे बिंदू दाबायची टोकदार दांडी, न्यावी. पर्समध्ये मावते आणि सांडत नाही.

आधी सात दिवसांचं शिबिर करा. मुख्य मेरिडियन, म्हणजे अंगातल्या ऊर्जेच्या मानलेल्या रेषा, १२, अंगाच्या मध्यावरच्या दोन धरून १४, त्यांवरचे ठरलेले बिंदू ३६१. एवढं पाठ होत नसेल तर मधलं सगळं गाळून थेट तक्त्यावर या: राग यकृतात, भीती मूत्रपिंडात, काळजी प्लीहेत, शोक फुप्फुसात. आता समोरच्या माणसाला काही विचारायची गरज उरली नाही. चेहरा बघा, अवयव ठरवा, दाबा.

अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातला बिंदू गरोदर बाईला दाबू नये असं हीच विद्या सांगते. शिबिरात त्या दिवशी तुम्ही चहाला गेला असाल तर हरकत नाही.

अंतर मोजायचं माप म्हणजे त्सुन. एक त्सुन म्हणजे ज्याचा हात, त्याच्याच अंगठ्याची रुंदी. पण तुमचा अंगठा जवळच असतो, तोच लावा. मनगटाच्या घडीपासून दोन त्सुन वर, स्नायूंच्या दोन ताठ दोऱ्यांच्या मधे एक बिंदू आहे. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर त्याचे बरेच प्रयोग झालेत, गुणही दिसलाय, त्याला मी नावं ठेवत नाही. पण मळमळ वेगळी आणि बावन्न वर्षांचा संसार वेगळा.

वेळ तेराव्याची निवडा. आमच्याकडे, इंदूरच्या राजेंद्र नगरात, काकूंनी तीच निवडली. तेरा दिवस आई रडली नव्हती. त्या दिवशी पंगत उठल्यावर भिंतीला टेकून ती पहिल्यांदा बोलायला लागली. बाबा रविवारी पोहे आणायला जायचे, तर जिरावन, पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, नेहमी वेगळ्या पुडीत बांधून आणायचे, कारण हिला कमी लागतं. ‘शेवटच्या रविवारी पण...’ एवढं तिनं म्हटलं, तोच काकूंनी तिचा हात ओढून मांडीवर घेतला. ‘वहिनी, बोलू नका. श्वास आत घ्या. लंग्जचा पॉइंट आहे, एकदम आराम पडून जाईल.’ आणि जिमी रोवली. आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ‘बघा, ब्लॉकेज मोकळं झालं!’ अहो, दुखलं तिला! रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत तिच्या, चार दिवस मनगट जांभळं होतं. शेवटच्या रविवारचं काय, ते मला अजून कळलेलं नाही. मी दोनदा विचारलं. ‘काही नाही गं’ म्हणाली.

जाताना बिंदूंवर मेथीदाणे चिकटवायला विसरू नका. रेषा चिनी, दाण्यांची पद्धत कोरियन, मेथी मारोठिया बाजारातली. दुःखाला कुठे पासपोर्ट लागतो?

आणि निदान पक्कं ठेवा. आई पहाटे चारला जागी होते हे ऐकून काकूंचा चेहरा उजळला. तीन ते पाच हा फुप्फुसांचा प्रहर, म्हणजे शोक तिथेच अडकलाय! छान. दीड वर्ष रोज पहाटे चारला उठून आई बाबांची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची. तिला अजून जाग येते आणि पलंग रिकामा दिसतो. हे कुठल्या रेषेवर येतं, सांगाल?

नाही जमत आता हसून लिहायला. काकू, तुम्हाला रडणारं माणूस बघवत नाही, म्हणून तुम्ही ते बंद करायला बघता आणि वर त्याला उपचार म्हणता. गप्प बसायची लाज वाटते तुम्हाला. तिचं वाक्य पुरं होऊ द्यायला कुठलं शिबिर लागत नव्हतं. आता पंधरा दिवसांनी पुन्हा येणार, ‘दुसरं सिटिंग’ घेणार म्हणताय. या. चहा घ्या, आईजवळ बसा, ती बोलली तर ऐका, नाही बोलली तर बाहेरची जास्वंद बघा. पण तिच्या हाताला हात लावायचा नाही. जिमी फ्रिजवर ठेवली आहे, घेऊन जा. मेथीची पुडी मागू नका, काल भोपळ्याच्या फोडणीत संपवली.