शनी जरा पुढे घ्या ना

"ओ निळा टी-शर्ट, खाली सरका, तुमचं डोकं शनीवर येतंय!" सोसायटीच्या झाडून सगळ्या पोरांसमोर ऑपरेटर मला असं ओरडला. क्लबहाऊसमध्ये फुगवायचं तारांगण आलेलं, माणशी शंभर रुपये, बोगद्यातून रांगत आत जायचं. फिशआय लेन्सचा प्रोजेक्टर जमिनीवर मधोमध आणि मला जागा दिली त्याला खेटून, मग सावली माझ्या बापाच्या घरी पडणार का? 1923 साली म्युनिकमध्ये झाइस या जर्मन लेन्स कंपनीच्या लोकांनी घुमटात तारे पाडून दाखवले तेव्हा यंत्र निदान स्टँडवर तरी चढवलं होतं हो.

बरं, मी आडवा झालो तर शेजारचे काका उठून बसले.

"शनी सध्या मीनेत ना? जरा पुढे घ्या."

"काका, शो चालू आहे."

"आमची कुंभ रास. तो मेषेत गेला की आमची साडेसाती सुटली. बटणच तर दाबायचंय!"

पोरगा बिचारा नवा असणार, त्याने खरंच तारखा पळवल्या. जून 2027 ला शनी मेषेत शिरला, काकांनी चक्क टाळी वाजवली, काकूंना कोपरानं ढोसलं. आणि शनी थबकला, वळला, निघाला की मागे! ऑक्टोबरात परत मीनेत.

"अहो मागे कशाला घेताय?"

"मी नाही घेत काका, वक्री झालाय. पृथ्वी आतल्या ट्रॅकवरून त्याला ओव्हरटेक करते, म्हणून तो मागे गेल्यासारखा दिसतो."

"मग पृथ्वी हळू करा!"

पुरावा म्हणून काकांनी फुल ब्राइटनेसवर पंचांगाचं ॲप उघडलं. घुमटात एका बाजूचा उजेड दुसऱ्या बाजूवर आपटतो, त्यामुळे एवढ्याशा फोननं सगळं आकाश दुधाळ झालं, आकाशगंगा तर गेलीच. त्यांना कोणी काही बोललं नाही. ओरडा फक्त मला. ज्येष्ठ नागरिक ना ते!

तेवढ्यात कुणाच्या तरी बाळाला शू लागली, चेन उघडली, हवा गेली आणि सप्तर्षी पार आमच्या नाकापर्यंत खाली आले. ब्लोअरच्या घरघरीत पुढचं काही ऐकू आलं नाही, शो संपला म्हणे. शंभर रुपये!

एवढं करून खरं आकाश वर फुकटच आहे, पण गार्डनमध्ये जे चार हॅलोजन रात्रभर जळतात ते तासभर बंद करा म्हणून मी कमिटीला कधीपासून सांगतोय. उत्तर ठरलेलं, सिक्युरिटीचा प्रश्न आहे. आणि गच्चीची चावी सेक्रेटरीकडे, तिथे त्यांचे पापड वाळत असतात.