सातवी बैठक फुकट

एनिमाचं भांडं मागताना आपला आवाज जितका खाली जातो, तितका मेडिकलवाल्याचा वर चढतो. "एनिमा पॉट का मावशी? स्टीलचा देऊ का प्लास्टिकचा?" सोलापूरच्या नवी पेठेतली संध्याकाळची गर्दी, त्यात हे वाक्य समोरच्या चादरींच्या दुकानापर्यंत नीट पोचलं असणार. सिस्टर म्हणून वॉर्डात तीस वर्षं जी वस्तू रोज हाताळली, तिच्यासाठी मी तोंडावर पदर घ्यायचाच काय तो बाकी होता. सासूबाईंना डॉक्टरांनी सांगितलंय, हे मी कुणी न विचारता दोनदा सांगितलं.

शेजारी बीपीच्या गोळ्यांसाठी एक काका उभे होते. माझ्यापेक्षा निदान आठ वर्षांनी मोठे.

"घरी नका करू मावशी," ते म्हणाले. "मशीनवर करा. कोलन थेरपी. मी चार बैठका घेतलो. बारा वर्षांची घाण निघाली, बारा!"

"बारा कशावरून?" विचारायला नको होतं.

"काचेची नळी असतीय की ओ. मागं लाईट. सगळं डोळ्यांसमोरनं जातंय. काळं गेलं, हिरवं गेलं. टोमॅटोची साल गेली बघा, अख्खी!" दुकानात आता सहा माणसं होती आणि सहाही जण त्या सालीकडे बघत होते. काकांनी बोटांनी तिचा आकारसुद्धा दाखवला.

टोमॅटोची साल बारा वर्षं राहत नाही हो. परवाच्या आमटीतली असेल. आतड्याचं आतलं अस्तर चार-पाच दिवसांत झडून नवं येतं. वर्षानुवर्षं गाळ साचायला ती काही गच्चीवरची टाकी नव्हे. "डीटॉक्स"च्या पुड्या घेऊन जे रबरासारखे लांब दोर पडतात, तेही बहुतेक त्या पुडीतल्या इसबगोलाचे आणि मातीचेच असतात. पुडी विकणाराच घाण पुरवतो, मग ती निघाल्याचे पैसे घेतो.

मशीन करतं काय? एका नळीनं गाळलेलं कोमट पाणी गुदद्वारातून आत सोडतं, दुसरीनं मळासकट बाहेर काढतं, आणि हे पाऊण ते एक तास चालतं. एका बैठकीत 60 लिटरपर्यंत पाणी फिरू शकतं. सोलापुरात! जिथं नळ काही दिवसांआड येतो आणि बायका घागरी मोजून भरतात, तिथं एका माणसाच्या पोटातून 60 लिटर. काकांच्या पॅकेजात सहा बैठका होत्या, सातवी फुकट. गुणाकार तुम्हीच करा.

"पण गांधीजी पण घ्यायचे की एनिमा!" काकांनी हुकमाचा एक्का टाकला. घ्यायचे. 1946 साली त्यांनी आपल्याच पुणे लाइनीवरच्या उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. पण एनिमासाठी त्यांना काचेची नळी आणि मागचा लाईट लागला नाही.

मशीनची खरी भीती तिच्या नळ्यांची. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या एका क्लिनिकात 1978 ते 1980 या काळात अशाच यंत्रातून निदान 36 जणांना अमिबाची लागण झाली. दहा जणांचं मोठं आतडं कापावं लागलं, त्यांतले सहा गेले. घरचं भांडं निदान एकाच माणसाचं असतं.

म्हणून भांडं निर्धोक, असं मात्र नाही. मोठ्या माणसाला अर्धा ते एक लिटर पुरे. पाणी अंगाइतकं कोमट, कोपरावर टाकून बघायचं. रोगी डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाशी, कारण आतड्याचं शेवटचं वळण डावीकडे असतं. नळीतली हवा आधी काढायची, नाहीतर पोटात गुडगुड आणि दोष पाण्याला. टोकाला व्हॅसलिन, आत तीन-चार इंच, अडलं तर रेटायचं नाही. भांडं रोग्याच्या कमरेपासून दीड फूट वर. लोक ते पंख्याच्या हुकाला टांगतात, मग कळ येते आणि पाणी आलं तसं गादीवर परत येतं. कळ आली की तोटी बंद करायची, लांब श्वास घ्यायला लावायचा, थांबायचं. पुढं पाच-दहा मिनिटं धरवलं तर काम फत्ते. साधं पाणी पुन्हापुन्हा दिलं तर ते अंगात मुरतं आणि रक्तातलं सोडियम उतरतं. म्हणून लिटरला 9 ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे दीड सपाट चमचे. साबण नको, आतड्याची आग होते. फॉस्फेटच्या तयार एनिमाची बाटली किडनीच्या माणसाला तर डॉक्टरांशिवाय नकोच. आणि पोटात दुखतंय पण का ते माहीत नाही, अशा वेळी भांड्याला हातच लावायचा नाही.

"आता कॉफीचा घेणार हाय मी," काका म्हणाले. "पुतण्यानं मोबाइलवर दाखवलाय." कॉफीनं आतडं भाजल्याची माणसं आहेत, हे मी सांगून पाहिलं. शेजारी कर्नाटक, फिल्टर कॉफी तोंडानं पिण्याइतकी चांगली मिळते, हेही सांगितलं. काका हसले. "तुम्हाला अनुभव नाही मावशी."

इथं मात्र मला लागलं. हेच काम वॉर्डात केलं की मावशी, सेंटरात केलं की थेरपिस्ट. आम्ही बेडपॅन उचलले, चादरी बदलल्या, खडा धरलेल्या म्हाताऱ्यांना मोकळं केलं, आणि नातेवाईक नाकाला रुमाल लावून पॅसेजमध्ये उभे राहिले. तेच नातेवाईक आता काचेच्या नळीसमोर पैसे मोजून बसतात.

मी भांडं पिशवीत कोंबलं आणि सटकले. लाजेच्या भरात खोका उघडून बघितला नाही. तीस वर्षांची सिस्टर, आणि सामान मोजून घेतलं नाही! घरी उघडला तर भांडं होतं, नळी होती, नोझल होतं. तोटी नव्हती. तोटीशिवाय भांडं म्हणजे चालू सोडलेला नळ.

परत गेले. काका अजून तिथंच, आता स्टुलावर बसून, समोर नवं गिऱ्हाईक. मला बघून मेडिकलवाला आतल्या पोराला ओरडला, "अरे, मावशींच्या एनिमाची तोटी राहिली रे!"

"बघा," काका त्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "म्हणून म्हणतो, मशीनवर करा."